बहिऱ्या झालेल्या रक्तवाहिन्या : सत्तरी तालुक्यातील एका बागायतदारांचे प्रकरण

चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, आठ-दहा दिवसांवर आली होती. गोव्याच्या सत्तरी तालुक्यातील ५८ वर्षांच्या एका बागायतदारांना त्यांचा मुलगा दुपारी दीडच्या सुमारास १०८ च्या रुग्णवाहिकेतून आमच्या अतिदक्षता विभागात घेऊन आला. पाच दिवसांचा ताप, पोटऱ्यांत अशा कळा की उभे राहतानाही कुणाचा तरी खांदा धरावा लागे, दोन दिवस गडद पिवळी लघवी आणि आदल्या रात्रीपासून असंबद्ध बोलणे, एवढी हकीकत त्याने एका दमात सांगितली. ताप येण्यापूर्वी साधारण दहा दिवस ते कुळागरातील, म्हणजे पोफळी-नारळाच्या बागेतील, पाटांतला गाळ उपसत होते, आणि जुन्या पिढीतील बहुतेक बागायतदारांप्रमाणे तेही पाटात अनवाणीच उतरतात. त्यांच्या दोन्ही टाचांना खोल भेगा होत्या. (रुग्णाची ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत, वैद्यकीय घटनाक्रम तसाच ठेवला आहे.)

निदान फारसे अवघड नव्हते. डोळे लालबुंद पण त्यांत चिपडे नाहीत, त्वचा पिवळी, पोटऱ्या नुसत्या दाबल्या तरी रुग्ण कण्हतो, आणि मागे पाण्यात काम केल्याचा इतिहास. गोव्यात पावसाळ्यात काम करणाऱ्या कुठल्याही डॉक्टरच्या तोंडी अशा वेळी पहिले नाव लेप्टोस्पायरोसिसचे, म्हणजे प्राण्यांच्या मूत्राने दूषित पाण्यातून आणि त्वचेच्या भेगांतून शिरणाऱ्या जंतूच्या आजाराचे, येते. डेंगू, मलेरिया आणि स्क्रब टायफस यांच्या तपासण्याही पाठवल्या, परंतु उपचार लेप्टो गृहीत धरूनच सुरू केले. खरी कसोटी लागली ती पुढे. रक्तदाब वाढवणारे औषध शिरेतून जात होते, सिरिंज पंप बिनचूक चालत होता, मात्रा तासागणिक वाढत होती, आणि तरीही रक्तवाहिन्या दाद देत नव्हत्या. त्याचे उत्तर पेशींच्या पृष्ठभागावरील रिसेप्टरांत, म्हणजे पाठ्यपुस्तकी मराठीत ज्यांना ग्राही म्हणतात त्यांच्यात, दडलेले होते. ते उत्तर मला सुचायला त्या दिवशी दोन तास उशीर झाला, आणि हे प्रकरण सविस्तर लिहिण्याचे तेच मुख्य कारण आहे.

दाखल करताना रक्तदाब ७८/३६, म्हणजे सरासरी धमनीदाब ५० मिमी होता. नाडी मिनिटाला १२४, श्वास २८, ताप ३८.९ अंश सेल्सिअस. ऊतींना रक्त कमी पडल्याचे सांगणारे लॅक्टेट ५.१ मिलिमोल, मूत्रपिंडांची स्थिती दाखवणारे क्रिएटिनिन ३.४, काविळीचे मोजमाप असलेले बिलिरुबिन ६.२, प्लेटलेट ४८ हजार, पोटॅशियम ३.१. मूत्रपिंडे बिघडलेली असूनही पोटॅशियम कमी, हे लेप्टोचे जुने लक्षण आहे आणि ते दिसले की मला निदानाची निम्मी खात्री पटते. या सगळ्या आकड्यांत माझी नजर मात्र ३६ वर खिळली. वरचा दाब हृदयाच्या जोरावर बराचसा अवलंबून असतो. खालचा दाब, विशेषतः नाडी जलद असताना तो इतका घसरलेला असेल तर, रक्तवाहिन्यांच्या भिंतींनी ताण सोडल्याचे सांगतो. हातपाय गरम होते. नखावर दाबून बोट उचलले की लाली लगेच परतत होती. खाटेवरच केलेल्या इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) हृदय जोमाने आकुंचन पावत होते आणि त्याचे कप्पे अर्धेमुर्धे रिकामे दिसत होते. पंप शाबूत होता, नळ्या सैल झाल्या होत्या.

सेप्टिक शॉकची, म्हणजे जंतुसंसर्गाने रक्तदाब कोसळण्याची, जी व्याख्या २०१६ साली आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने निश्चित केली तिच्यात दोन अटी आहेत: पुरेसा द्रव देऊनही सरासरी दाब ६५ च्या वर ठेवण्यासाठी रक्तवाहिन्या आकुंचित करणारे औषध लागणे, आणि लॅक्टेट २ मिलिमोलपेक्षा जास्त असणे. आमचे रुग्ण दुपारी चारपर्यंत या व्याख्येत पूर्ण बसले. त्यांचे वजन ६० किलो होते. किलोमागे ३० मिलिलिटर या हिशेबाने १८०० मिलिलिटर रिंगर लॅक्टेट दिले. सेफ्ट्रायॅक्सोन आणि डॉक्सीसायक्लिन ही प्रतिजैविके दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी सुरू झाले. द्रव संपण्याची वाट न पाहता अडीचलाच रक्तवाहिन्या आवळणारे नॉरअॅड्रेनॅलिन लावले, मनगटातील धमनीत नळी घालून दाब सतत मोजायला घेतला, आणि चार वाजता ०.१२ मायक्रोग्रॅम प्रति किलो प्रति मिनिट या मात्रेवर सरासरी दाब ६२ झाला. आपण वेळेत पोहोचलो असे त्या क्षणी मला वाटले होते.

साडेचारला त्यांना हुडहुडी भरली. खाट थरथरत होती, दात वाजत होते, अंगावर दोन ब्लँकेटे घालूनही थांबत नव्हते, आणि पडद्यावरचा दाब आमच्या डोळ्यांदेखत ५२ वर आला. लेप्टोसारख्या मळसूत्री जंतूंवर प्रतिजैविकाचा पहिला घाव बसल्यानंतर काही तासांत असे घडू शकते, आणि त्याला यारिश-हर्क्सहायमर प्रतिक्रिया म्हणतात. मरणाऱ्या जंतूंचे भाग एकाच वेळी रक्तात मोकळे झाल्याने दाहाचा नवा लोंढा उठतो असे मानले जाते. प्रतिजैविक थांबवायचे नसते, आणि आम्ही थांबवलेही नाही. नॉरअॅड्रेनॅलिन वाढवत गेलो. पावणेसहाला ०.२५, साडेसहाला ०.३, सव्वासातला ०.३८. दाब ५७ आणि ५९ च्या मध्ये घोटाळत राहिला. नाडी मात्र १३६ वर गेली.

इथे थोडे मागे जाऊन, रक्तवाहिनीची भिंत एरवी हुकूम कसा ऐकते ते सांगणे आवश्यक आहे, कारण त्याशिवाय पुढचा निर्णय कळणार नाही.

लहान धमन्यांच्या भिंतीत गुळगुळीत स्नायूंच्या पेशी कड्यांसारख्या रचलेल्या असतात. या पेशींच्या आवरणावर अल्फा-१ नावाचे रिसेप्टर असतात. अॅड्रेनॅलिनच्या परस्परविरोधी वाटणाऱ्या परिणामांचा उलगडा अल्फा आणि बीटा अशा दोन प्रकारच्या रिसेप्टरांनी होतो, हा विचार रेमंड आल्क्विस्ट यांनी १९४८ साली मांडला, आणि आज आपण शॉकमध्ये जे जे करतो त्याची मुळे त्या विचारात आहेत. अल्फा-१ हे प्रथिन पेशीच्या आवरणातून सात वेळा आरपार विणलेले असते. बाहेरच्या बाजूने नॉरअॅड्रेनॅलिनचा रेणू त्याच्यात बसला की आतल्या बाजूला त्याला टेकलेले जी-प्रथिन जागे होते, त्यातून एक विकर (एन्झाइम) कामाला लागते, त्या विकराने तयार केलेला छोटा दूतरेणू पेशीतील साठ्यांतून कॅल्शियम सोडवतो, आणि कॅल्शियम वाढले की मायोसिन या स्नायूंतील प्रथिनावर फॉस्फेट चढून स्नायू आवळतो. असंख्य कडी एकाच वेळी थोडी थोडी आवळली की दाब वर येतो. याच आतल्या यंत्रणेला हात घालणारे आणखी दोन रिसेप्टर त्याच पेशीवर आहेत: अँजिओटेन्सिन या संप्रेरकाचा एटी-१ आणि व्हॅसोप्रेसिन या संप्रेरकाचा व्ही-१ए. शरीराने दाब राखण्याचे काम एका कुलपावर सोडलेले नाही. तीन वेगवेगळ्या किल्ल्यांची तीन कुलपे त्याच दाराला लावून ठेवली आहेत.

दाह पेटतो तो दुसऱ्याच जातीच्या रिसेप्टरांवर. जंतूंच्या आवरणाचे तुकडे ओळखणारे टोल-लाइक रिसेप्टर पांढऱ्या पेशींवर आणि रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरावर पहारा देत असतात. एंडोटॉक्सिन, म्हणजे जंतूंच्या आवरणातील विष, टोचूनही ज्यांना काही होत नव्हते अशा उंदरांच्या एका वाणाचा वर्षानुवर्षे पाठपुरावा करून ब्रूस बॉयटलर यांच्या गटाने १९९८ साली दाखवले, की त्या उंदरांत टीएलआर-४ या टोल-लाइक रिसेप्टरचे जनुक बिघडलेले आहे. या कामासाठी त्यांना २०११ च्या नोबेल पुरस्कारात वाटा मिळाला. ई. कोलायसारख्या जंतूंच्या आवरणातील लायपोपॉलिसॅकराइड (हेच ते एंडोटॉक्सिन) टीएलआर-४ वर बसते आणि तिथून शॉकची साखळी सुरू होते, हे चित्र आपण विद्यार्थ्यांना शिकवतो. लेप्टोचा जंतू या चित्रात नीट बसत नाही, आणि मला त्याच्याविषयी वाटणारे कुतूहल याच ठिकाणी सर्वांत जास्त आहे. त्याच्या आवरणातही लायपोपॉलिसॅकराइड असते, परंतु त्याची घडण इतकी वेगळी आहे की माणसाचा टीएलआर-४ त्याला जवळजवळ ओळखतच नाही. जंतू पहाऱ्याच्या मुख्य नाक्यावरून निसटतो, आणि त्याच्या लायपोप्रथिनांची दखल घेतो तो शेजारचा टीएलआर-२. पहारेकरी वेगळा असला तरी आतली घंटा मात्र तीच वाजते. एनएफ-कप्पा-बी हे प्रथिन पेशीकेंद्रकात शिरते, टीएनएफ, इंटरल्युकिन-१ आणि इंटरल्युकिन-६ या दाह पसरवणाऱ्या रसायनांचे उत्पादन सुरू होते, आणि ज्या रुग्णाच्या जंतूने टीएलआर-४ ला चकवले त्याचाही खालचा दाब ३६ वर येतो.

या रसायनांचा रक्तवाहिनीच्या कड्यांवर होणारा परिणाम एका वाटेने होत नाही. पहिली वाट नायट्रिक ऑक्साइडची. अस्तरातील पेशी हा वायू एरवी अगदी मोजूनमापून तयार करतात. दाहात मात्र स्नायूपेशींमध्येच त्याचे दुसरे, प्रेरित विकर तयार होते आणि ते कॅल्शियमच्या नियंत्रणाला न जुमानता तासन्‌तास वायू ओतत राहते. त्या वायूमुळे पेशीत सायक्लिक जीएमपी हा स्नायू सैल करणारा दूतरेणू वाढतो आणि मायोसिनवर चढलेले फॉस्फेट उतरवले जाते, म्हणजे नॉरअॅड्रेनॅलिन एका हाताने जे बांधते ते दुसऱ्या हाताने सुटते. दुसरी वाट पोटॅशियमच्या दारांची. पेशीतील ऊर्जा घटली आणि आम्लता वाढली की एटीपी या ऊर्जारेणूच्या पातळीनुसार उघडझाप करणारी ही दारे उघडतात, पोटॅशियम बाहेर पडते, पेशीचा आतला भाग अधिक ऋणभारित होतो, आणि कॅल्शियमला बाहेरून आत येण्याची वाट बंद होते. तिसरी वाट खुद्द अल्फा-१ वर घाला घालते, आणि आमच्या रुग्णाच्या बाबतीत मला तीच सर्वांत महत्त्वाची वाटली.

कुठलाही रिसेप्टर सतत हाका ऐकत राहिला की पेशी त्याचा आवाज कमी करते. जीआरके नावाची विकरे रिसेप्टरच्या आतल्या शेपटीवर फॉस्फेट लावतात, त्यावर बीटा-अरेस्टिन येऊन बसते, जी-प्रथिनाशी असलेला संबंध तुटतो, आणि पुढे तो रिसेप्टर आवरणासकट आत ओढून घेतला जातो. रॉबर्ट लेफ्कोविट्झ आणि ब्रायन कोबिल्का यांना या कुळातील रिसेप्टरांवरील कामासाठी २०१२ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले; आवाज कमी करण्याची ही यंत्रणा लेफ्कोविट्झ यांच्या प्रयोगशाळेत उलगडली. दाहात याच्या जोडीला आणखी एक गोष्ट घडते. एंडोटॉक्सिन दिलेल्या उंदरांवरील प्रयोगांत टीएनएफ आणि इंटरल्युकिन यांच्या प्रभावाखाली अल्फा-१ आणि एटी-१ या दोन्ही रिसेप्टरांचे उत्पादनच घटल्याचे दिसले आहे. शिल्लक रिसेप्टर कमी, जे आहेत त्यांतले बरेच आतून तुटलेले, आणि आम्ही बाहेरून हाका वाढवत होतो. चढत्या मात्रेने ते आणखी लवकर थकणार होते.

सव्वासातला आमच्या निवासी डॉक्टरने विचारले, "मॅडम, अजून वाढवू का?" मी "हो" म्हणाले आणि मुलाशी बोलायला बाहेर गेले. तो दुपारपासून त्याच बाकावर बसून होता, पायांत अजून कुळागरातल्या चिखलाचे जोडे. त्याचा प्रश्न सरळ होता.

"डॉक्टर, दुपारपासून एवढ्या बाटल्या चढवल्या, औषध पण चालू आहे, मग बीपी का चढत नाही?"

मी म्हणाले, "तुमच्या कुळागरात पाटाची कड खचली, तर वरून कितीही पाणी सोडलं तरी शेवटच्या पोफळीपर्यंत पोहोचतं का?"

"नाही. आधी कड बांधून घ्यावी लागते."

"आत तेच चाललं आहे. कड बांधायला ज्यांना सांगतो आहे, त्यांना ऐकूच जात नाही."

तो थोडा वेळ गप्प बसला आणि मग काहीशा अपराधी स्वरात म्हणाला, "आम्ही बीपीची गोळी एक दिवस चुकवली नाही हो. ताप होता तरी रोज दिली. आज सकाळीसुद्धा दिली."

टेल्मिसार्टन ४० मिलिग्रॅम, रोज सकाळी एक, सहा वर्षांपासून. दाखल करतानाच्या कागदावर ही ओळ होती, मी ती वाचली होती आणि तिच्याखाली सहीही केली होती. वाचूनही मी तिचा विचार केला नव्हता. टेल्मिसार्टनचे काम एटी-१ रिसेप्टरवर जाऊन बसणे आणि अँजिओटेन्सिनला तिथे येऊ न देणे हे आहे. ते घट्ट बसते, सावकाश सुटते, आणि रक्तातील त्याचे अर्धायुष्य सुमारे २४ तासांचे असते. त्याहून गंभीर बाब अशी, की या औषधाचा जवळजवळ सगळा निचरा यकृत आणि पित्तावाटे होतो. ज्यांचे बिलिरुबिन ६.२ आहे त्यांच्या शरीरातून पाच दिवसांच्या गोळ्या किती उतरल्या असतील? मुलाने मनापासून, एकही दिवस न चुकवता, तीन कुलपांपैकी एक आपल्या हाताने बंद करून ठेवले होते, आणि त्यात त्याची काहीच चूक नव्हती. तापात, जुलाबात किंवा पाणी पोटात ठरत नसताना ही गोळी थांबवून विचारावे, असे त्याला कधी कुणी सांगितलेच नव्हते. ते सांगण्याची जबाबदारी आम्हा डॉक्टरांची असते.

हिशेब मग तिथल्या तिथे मांडला गेला. अल्फा-१ थकलेला, एटी-१ वर गोळी बसलेली. उरला व्ही-१ए.

व्हॅसोप्रेसिनविषयी एक विलक्षण निरीक्षण डोनाल्ड लँड्री यांच्या गटाने १९९७ साली नोंदवले. दाब कोसळल्यावर हे संप्रेरक रक्तात भरपूर वाढायला हवे, पण सेप्टिक शॉकच्या रुग्णांत ते अपेक्षेपेक्षा फारच कमी सापडले, आणि बाहेरून अगदी थोडे दिले तरी दाब लक्षणीय वाढला. पिट्युटरी ग्रंथीतील साठा सुरुवातीच्या तासांत संपून जातो, हे त्यामागचे एक कारण समजले जाते. किल्ली नाहीशी झाली म्हणून कुलूप रिकामे राहते, आणि रिकामे कुलूप हाकेला चटकन दाद देते. शिवाय नॉरअॅड्रेनॅलिनच्या सततच्या माऱ्याने अल्फा-१ ला जो थकवा येतो तो व्ही-१ए ला येत नाही, व्हॅसोप्रेसिन ती उघडी पडलेली पोटॅशियमची दारे लावून घ्यायला मदत करते, आणि रक्त आम्ल झाले तरी त्याचा परिणाम बऱ्यापैकी टिकतो. आमच्या रुग्णाचे पीएच त्या वेळी ७.१९ होते. व्ही-१ए देखील अभेद्य नाही, हे इथे नमूद करायला हवे. एंडोटॉक्सिन दिलेल्या उंदरांत त्याचेही प्रमाण घटल्याचे आढळले आहे. तरीही तिघांत तोच सर्वांत शाबूत असण्याची शक्यता होती.

पावणेआठला व्हॅसोप्रेसिन मिनिटाला ०.०३ युनिट या ठराविक मात्रेने सुरू केले. त्याच वेळी हायड्रोकॉर्टिसोन हे स्टेरॉइड ५० मिलिग्रॅम, दर सहा तासांनी, म्हणजे दिवसाला २०० मिलिग्रॅम. स्टेरॉइडचा रिसेप्टर पेशीच्या आत असतो. औषध त्याच्यावर बसले की तो केंद्रकात जाऊन एनएफ-कप्पा-बी ला आवर घालतो, नायट्रिक ऑक्साइडच्या त्या प्रेरित विकराचे उत्पादन रोखतो, आणि अल्फा-१ रिसेप्टर पुन्हा तयार व्हायला हातभार लावतो. याला तास लागतात. व्हॅसोप्रेसिनला मिनिटे लागतात. म्हणून दोन्ही एकदम. निवासी डॉक्टरला मी नॉरअॅड्रेनॅलिन आहे तिथेच थांबवायला सांगितले, आणि त्यानंतर पाऊण तास आम्ही दोघे खाटेजवळून हललो नाही.

धमनीच्या लाटेचा आकार पडद्यावर आधी बदलला, आकडा नंतर. वर झपकन चढून तितक्याच झपकन कोसळणाऱ्या टोकदार लाटेचा उतार हळूहळू भरू लागला, उतारावरची खाच, जी दुपारपासून तळाशी गेली होती, वर सरकली. आठ वाजून पंचवीस मिनिटांनी सरासरी दाब ६६ होता आणि खालचा दाब ५१. नाडी १३६ वरून १२० वर उतरली होती. रात्री बाराला नॉरअॅड्रेनॅलिन ०.३ वर आणता आले, सकाळी सहाला ०.१८ वर, आणि लॅक्टेट २.६ झाले. व्हॅसोप्रेसिनने हाताच्या बोटांचा रक्तपुरवठा आवळला जाऊ शकतो, म्हणून परिचारिकांनी रात्रभर दर तासाला बोटांचा रंग पाहून लिहून ठेवला; तो तक्ता मी अजून जपून ठेवला आहे.

या टप्प्यावर कुणी विचारेल, की रिसेप्टर आणि नायट्रिक ऑक्साइड यांची एवढी माहिती असताना थेट मुळावरच घाव का घातला जात नाही? तसे प्रयत्न झाले आहेत, आणि त्यांचे निकाल डोळे उघडणारे आहेत. नायट्रिक ऑक्साइड तयार करणारी सर्वच विकरे रोखणाऱ्या एका औषधाची ७९७ रुग्णांवरील चाचणी २००४ साली प्रसिद्ध झाली. औषध दिलेल्या गटाचा दाब सुधारला, परंतु २८ दिवसांत त्या गटातील ५९ टक्के रुग्ण दगावले, तर दुसऱ्या गटातील ४९ टक्के, आणि चाचणी मध्येच थांबवावी लागली. पडद्यावरचा आकडा सुधारणे आणि रुग्ण सुधारणे यांत अंतर असते, याचा इतका कठोर पुरावा मला दुसरा माहीत नाही. टीएलआर-४ रोखणाऱ्या एरिटोरानची १९६१ रुग्णांवरील चाचणी २०१३ साली आली. मृत्यूदरात फरक पडला नाही. रुग्ण आपल्यापर्यंत पोहोचतो तेव्हा ती पहिली घंटा वाजून कितीतरी तास उलटलेले असतात, आणि लेप्टोच्या बाबतीत तर घंटा वाजवणाराही दुसराच असतो.

आम्ही वापरलेल्या औषधांविषयीही तितक्याच प्रामाणिकपणे लिहायला हवे. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या ७७८ रुग्णांच्या चाचणीत नॉरअॅड्रेनॅलिनला व्हॅसोप्रेसिनची जोड दिल्याने एकूण मृत्यूदर निर्विवादपणे कमी झाल्याचे दिसले नाही. हायड्रोकॉर्टिसोनच्या २०१८ च्या मोठ्या चाचणीत ९० दिवसांचा मृत्यूदर २७.९ आणि २८.८ टक्के, म्हणजे जवळपास सारखाच राहिला, पण शॉक ओसरायला चारऐवजी तीन दिवस लागले. या चाचण्यांत नाना प्रकारच्या कारणांनी दाब कोसळलेले शेकडो रुग्ण एकत्र मोजले जातात. कुणाचा कुठला रिसेप्टर निकामी झाला आहे हे त्यांत वेगळे काढलेले नसते. माझे मत असे, की खाटेजवळच्या डॉक्टरचे काम नेमके तिथे सुरू होते. २०१७ साली कृत्रिम अँजिओटेन्सिन-२ च्या चाचणीत तीन तासांत दाब सुधारलेल्यांचे प्रमाण ६९.९ टक्के होते आणि साध्या द्रवाच्या गटात २३.४ टक्के; त्या आकड्यांनी कुणीही प्रभावित होईल. तरी ते औषध आमच्या हाताशी असते तरीही या रुग्णाला ते देताना मी दहादा विचार केला असता, कारण ज्या कुलपाची ती किल्ली आहे त्या कुलपात आदल्या सहा वर्षांची गोळी अडकलेली होती.

पुढचा प्रवास थोडक्यात सांगते. दुसऱ्या दिवशी थुंकीत रक्ताच्या रेषा दिसल्या. लेप्टोत फुप्फुसात होणारा रक्तस्राव जिवावर बेततो, त्यामुळे द्रव अगदी हात राखून दिले आणि नाकातून जास्त प्रवाहाचा प्राणवायू सुरू केला. व्हेंटिलेटर लागला नाही. क्रिएटिनिन ६.१ पर्यंत चढले आणि तीन वेळा डायलिसिस करावे लागले. नॉरअॅड्रेनॅलिन तिसऱ्या संध्याकाळी बंद झाले, व्हॅसोप्रेसिन चौथ्या पहाटे, आणि त्यानंतर दोन दिवसांनी स्टेरॉइड. लेप्टोची आयजीएम (प्रतिपिंडांची) चाचणी दाखल झाल्या दिवशी संदिग्ध आली होती. आजाराच्या अकराव्या दिवशी पुन्हा केली तेव्हा ती स्पष्ट पॉझिटिव्ह निघाली. चवथीला ते रुग्णालयातच होते, त्या वर्षी घरची माटोळी (गणपतीवर टांगतात ती फळाफुलांची आरास) मुलाने एकट्याने बांधली. सतराव्या दिवशी ते घरी गेले, टेल्मिसार्टन बंद ठेवून.

पाच आठवड्यांनी ते तपासणीला आले तेव्हा रक्तदाब १५४/९२ होता. तो आकडा पाहून मला जे समाधान वाटले ते उच्च रक्तदाबाच्या एरवीच्या रुग्णात कधी वाटणार नाही. कडी पुन्हा आवळू लागली होती, तिन्ही कुलपे उघडबंद होत होती. क्रिएटिनिन १.३, पोटॅशियम ४.४. टेल्मिसार्टन २० मिलिग्रॅमपासून पुन्हा सुरू करायचे ठरले, दोन आठवड्यांनी क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासून मग ४०. गोळीचे पाकीट मुलाच्या हातात देताना मी कारणही समजावून सांगितले. त्याने माझ्या टेबलावरचे पेन उचलले, पाकिटाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिले, "ताप, उलटी, जुलाब – ही देऊ नये, आधी फोन", आणि शाई वाळेपर्यंत ते तसेच उताणे धरून ठेवले.